रिकामी बशी

गिरणीच्या फाटकाशी येऊन गुणाजी परब थांबले आणि आत पाऊल टाकायला त्यांनी शांतपणे नकार दिला.

"संप मागे घेतलाय का?" त्यांनी विचारलं.

उत्तमने घड्याळाकडे पाहिलं. "बाबा, पंचवीस वर्षं उलटून गेली."

"ते नाही विचारलं. मागे घेतलाय का?"

प्रश्न तर्कदृष्ट्या निर्दोष होता. संप रीतसर मागे घेतल्याचं कोणाच्याच स्मरणात नव्हतं. गिरणी बंद पडली, साचे, म्हणजे माग, भंगारात गेले, माणसं गावाला गेली, जमीन मात्र कुठेच न जाता एकाएकी मौल्यवान झाली. धूर सोडायचं विसरलेल्या चिमणीला रंग देऊन तिच्या पायथ्याशी दिवे लावण्यात आले. इतिहासाचं जतन या क्रियेला आता इतकाच खर्च येतो. या धामधुमीत संप मागे घ्यायचं तेवढं राहून गेलं. त्यामुळे साचेखात्यातले विणकर गुणाजी परब स्वतःच्या लेखी अजून संपावरच होते, आणि संपावरचा माणूस फाटकाच्या आत गेला तर त्याला काय म्हणतात हे करी रोडच्या त्यांच्या चाळीत कोणालाही विचारता आलं असतं.

"आपण कामाला नाही चाललोय. जेवायला चाललोय," उत्तम म्हणाला.

गुणाजींनी या युक्तिवादाचा सर्व बाजूंनी विचार केला. "जेवतो. पण आत कुठल्या मशीनला हात लावणार नाही."

"जपानी हॉटेलात मशीन कुठलं, बाबा?"

उत्तम विमा कंपनीत होता आणि भविष्याबद्दल आत्मविश्वासाने बोलायची त्याला सवय होती.

आजच्या जेवणावर त्याचं लग्न अवलंबून होतं. कालिंदी त्याच्याच कचेरीत काम करायची. ती तयार होती, तो तयार होता. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. अंबिकाबाई वरळी कोळीवाड्यातल्या, मासळी बाजारात स्वतःच्या ओट्यावर बसणाऱ्या. त्यांचा आक्षेप जातीचा नव्हता, शिक्षणाचा नव्हता, तर अधिक मूलभूत होता. "गिरनीवाल्यांना मावरं कलत नाय," त्या म्हणाल्या होत्या. "बर्फातला बांगडा ताजा म्हनून खातात. माजी पोर तिथं सुकून जाईल." मावरं म्हणजे मासळी, आणि मासळी न कळणाऱ्या घरात मुलगी देणं म्हणजे काय, हे त्यांनी फोड करून सांगितलं नाही.

यावर उत्तमने असा विचार केला: अंबिकाबाईंना मासळीचा आदर हवा, जगात मासळीचा सर्वाधिक आदर जपानी लोक करतात, सबब अंबिकाबाईंना जपानी हॉटेलात न्यावं. सुशिक्षित माणसाचे अपघात साधारणपणे असेच, पायरी पायरीने होतात.

त्याची आई सखुबाई हिने मात्र निघतानाच अडचण उभी केली होती.

"रिकाम्या हातान कसा जावचा?" ती म्हणाली. "पयल्यांदाच भेटतत ती."

"आई, तिथं बाहेरचं खाणं चालत नाही. डबा काढलास तर माझी लाज जाईल."

सखुबाई गप्प बसली. तिचं गप्प बसणं ही संमती नसते, हे संसाराच्या इतक्या वर्षांनंतर गुणाजींना ठाऊक होतं, उत्तमला नव्हतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा चाळीतल्या त्यांच्या खोलीतच तिची खानावळ होती आणि दोन्ही पाळ्यांचे विणकर तिच्या हातचं जेवून साच्यावर जायचे. तिने न बोलता घावने काढले, त्यांत सोड्यांचं सुकं भरून वळकट्या केल्या, कापल्या आणि डबा पिशवीच्या तळाशी घातला. सुकवलेल्या कोळंबीचा, म्हणजे सोड्यांचा, वास रोखणारा डबा अजून निघायचा आहे. पण हॉटेलात शिरल्यावर तो वास कोणाला वेगळा वाटणार नव्हता.

हॉटेल नेमकं साचेखात्यातच निघालं. छपराच्या काचा त्याच होत्या. भिंतीशी शोभेला एक जुना साचा उभा केला होता आणि त्यावर पाटी होती: कृपया हात लावू नये.

"आता सांगतात," गुणाजी पुटपुटले.

मधोमध, स्वयंपाकघराच्या पडद्याआडून निघून तिथेच परत जाणारा एक लांबोळका फिरता पट्टा होता. त्याच्यावरून रंगीत बश्या संथपणे चालल्या होत्या. हवी ती उचलायची आणि खायची. जागा एकत्र न मिळाल्यामुळे मुलाकडचे पट्ट्याच्या या अंगाला आणि मुलीकडचे पलीकडे, अशी आपोआपच लग्नाची पंगत झाली. उत्तम दोन्हीकडे धावत होता.

पलीकडे अंबिकाबाईंच्या समोरून बशीमागून बशी निघून जात होती आणि त्या प्रत्येकीकडे ओट्यावर आलेल्या परक्या मालाकडे पाहावं तशा पाहत होत्या.

"याचं मुंडकं कुठं हाय?"

"तसं नसतं हो, मावशी. नुसता तुकडाच असतो."

"मुंडकं नाय, कल्ला नाय, डोला नाय. वलखू कसा?"

"आई, हळू बोल ना," कालिंदी म्हणाली.

"हलूच बोलते. बाजारात असते तर ऐकलं असतंस." मग त्यांनी समोरचा हिरवा चहा हुंगला. "ह्यात साखर नाय."

वेटरने नाइलाजाने साखरेच्या कागदी पुड्या आणून ठेवल्या. अंबिकाबाईंनी त्याही उघडल्या नाहीत. उपाशी माणसाचा राग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत होता, आणि उत्तमला आपलं लग्न त्या पट्ट्यावरून एकेका बशीबरोबर दूर जाताना स्पष्ट दिसत होतं.

या अंगाला सखुबाईचं मात्र बरं चाललं होतं. तिने भात आणि कोळंबीची एक बशी उचलली, खाल्ली, "शिजवलेलो नाय, पण बरो आसा," असा निकाल दिला आणि रिकामी बशी हातात धरून ती विचारात पडली. जन्मभर चाळीत राहिलेल्या बाईसमोर हा साधा प्रश्न नव्हता. शेजारून काही आलं तर भांडं रिकामं परत जात नाही. वडी जाते, लाडू जातो. काहीच नसलं तर चिमूटभर साखर जाते, पण रिकामं जात नाही. इथे तर कोण कुठला अनोळखी माणूस पडद्यामागून बशीमागून बशी पाठवत होता.

तिने पिशवीत हात घातला, दोन वळकट्या बशीत मांडल्या आणि बशी पट्ट्यावर ठेवून दिली.

"कोणाला?" गुणाजींनी विचारलं.

"ज्येनी धाडली त्येका."

पट्टा मात्र पाठवणाऱ्याकडे जाण्याआधी वळणावर बसलेल्या टाय लावलेल्या तरुणांच्या घोळक्यासमोरून जात होता. त्यांतल्या एकाने ती बशी उचलली. चावता चावता तो थांबला, डोळे मिटले, आणि मग शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, हे ट्राय कर. हे काहीतरी वेगळंच आहे."

सखुबाईने दुसरी बशी खाल्ली, दुसरी परतफेड केली. मग तिसरी. प्रत्येक बशी वळणावरच गडप होऊ लागली. तरुणांनी वेटरला बोलावलं.

"बॉस, वो ब्राउन वाला और भेजो."

"कौनसा ब्राउन, सर?"

"अरे वो, रोल किया हुआ. स्मोकी."

वेटरने शेफला विचारलं. शेफने मॅनेजरला विचारलं. मॅनेजरने मेनूकार्ड उलटंसुलटं वाचलं, आणि आपल्या पट्ट्यावर आपण न बनवलेलं अन्न फिरतं आहे ही बाब ध्यानात येताच त्याचा रंग उडाला. त्याने धावत जाऊन लाल बटण दाबलं. पट्टा थांबला.

"प्लीज, कोई कुछ मत खाइए," तो म्हणाला.

उत्तमने आईच्या पिशवीकडे पाहिलं. मग आईकडे. सखुबाईने छपराकडे पाहिलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी घावनांची शेवटची बशी, वळणावरच्या तरुणांच्या हातून निसटून, अंबिकाबाईंपर्यंत पोचायच्या जराशी आधी, त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर अडकून पडली. अंबिकाबाईंनी नाक किंचित वर केलं. त्यांनी वास घेतला. त्यांनी हात लांब केला. हात पोचला नाही.

पट्ट्याची घरघर थांबताच गुणाजी उभे राहिले होते. यंत्र थांबलं की उभं राहायची सवय पायांत उरली होती. त्यांनी पत्नीची बशी पाहिली, होणाऱ्या विहीणबाईंचा लांबलेला हात पाहिला, आणि ते सरळ बटणांपाशी चालत गेले.

"चालू करा."

"सर, अननोन आयटम है. चेक करना पडेगा."

"जेवायला बसलेल्या माणसासमोरचं अन्न अडवत नाहीत. चालू करा."

"सर, मैं नहीं कर सकता."

हिरवं बटण सगळ्या यंत्रांना सारखंच असतं. गुणाजींनी ते दाबलं. याच खात्यातले साचे एके सकाळी एका इशाऱ्यावर बंद करणारा माणूस याच खात्यातलं यंत्र मालकाच्या माणसाला न जुमानता चालू करत होता, आणि टाय लावलेली पोरं टाळ्या वाजवत होती. गिरणगावाच्या इतिहासाला असा शेवट कोणी सुचवला असता तर तो अभिरुचीहीन म्हणून नाकारला गेला असता.

पट्टा फिरला. बशी पुढे सरकली. अंबिकाबाईंनी ती उचलली, एक वळकटी तोंडात घातली आणि त्या सावकाश चावू लागल्या. उत्तम त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"कसं आहे, मावशी?"

अंबिकाबाईंनी दुसरी वळकटी संपवली. "जपानी मानसाच्या हाताला चव हाय," त्या म्हणाल्या. "सोडे धुतले पन त्यांचा वास मरू दिला नाय. कोकम बेताचं. बाई असनार."

"शेफ पुरुष आहे, मावशी."

"असंल," अंबिकाबाई म्हणाल्या, आणि पट्ट्यापलीकडे सखुबाईच्या पिशवीवर त्यांनी क्षणभर नजर ठेवली. सखुबाई पदर सारखा करण्यात गुंतली होती.

मग त्यांनी हातातल्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. चहाशेजारची एक कागदी पुडी उचलली, बशीच्या मधोमध नीट ठेवली आणि बशी पट्ट्यावर सोडून दिली.

बशी वळसा घेत निघाली. वळणावरच्या तरुणांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं आणि ते निराश झाले. मॅनेजरने पाहिलं; निदान ही वस्तू आपली आहे म्हणून त्याला हायसं वाटलं. ती पडद्याआड गेली, बाहेर आली आणि सखुबाईसमोर पोचली. सखुबाईने पुडी उचलून फाडली आणि साखर जिभेवर टाकली.

"आई, ती चहाची साखर आहे," धावत आलेला उत्तम कुजबुजला. "सगळे बघतायत."

"बघूं देत. साखरपुडो झालो तुझो."

उत्तमने वर पाहिलं. पलीकडे कालिंदीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

सखुबाईच्या हातात मात्र बशी पुन्हा रिकामी झाली होती. तिने पिशवीत हात घातला, डबा उघडला, तळ चाचपला. काही उरलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच ती हतबल दिसली.

"विहीणबाई," तिने पट्ट्यावरून हाक दिली, "आता काय धाडू?"

"आता काय नको," अंबिकाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज बाजारातला लावला होता. तो फाटकापर्यंत गेला असावा. "पोराला पट्ट्यावर बसवा नि सोडा इकडं."