चांगदेवराव ग्रंथपालांनी संगणक सर केला, त्याची हकीकत

श्री. शके १९२५, सुभानुनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. आंबेगाव प्रांती घोडनदीकाठच्या कॉलेजात ग्रंथपाल राजमान्य राजश्री चांगदेवराव अवसरीकर यांजवर संगणकाचा प्रसंग गुदरला, तो जैसा जाहला तैसा लिहिला जातो.

रावांनी बावीस वर्षे ग्रंथालयाचा कारभार रजिस्टर आणि जरब यांवर हाकिला. पुढे प्राचार्यसाहेबांनी संगणक धाडिला आणि फर्माविले की, तपासणीची समिती येईतों देवघेव त्यावर न बसल्यास किल्ल्या सहायक वृषालीबाईंचे हवाली होतील. बाईंनी बारा हजार पुस्तके एकहाती संगणकात चढविली होती, आणि त्या शिकवावयासही राजी होत्या. परंतु काल आलेल्या पोरीकडोन शिकावे, तर बावीस वर्षांची इज्जत गेली, ऐसे राव समजले. सबब बाई दाखवीत असता राव खिडकीबाहेर पाहात बसले, आणि पुस्तक देण्याचे बटण तेवढे ध्यानी राहिले, परत घेण्याचे राहिले नाही. मग पुस्तके कपाटात येऊन बसली तरी संगणक ती बाहेरच म्हणोन वर्दी देई. बाईंनी तो घोळ निमूट निस्तरिला.

विचारिले असते तर घटकेचे काम. पण राव कसचे विचारतात! त्यांनी अक्कल खर्चून ताकीद लाविली की, समिती जाईतों एकही पुस्तक बाहेर देणे नाही. जे दिलेच नाही, ते परत घ्यावे लागत नाही. डोंगरपट्टीहून दोन एष्ट्या बदलून आलेली विद्यार्थिनी जया म्हणाली, "सर, परवा पेपर हाय. पुस्तक तर समोरच दिसतंय."

"दिसतंय तवर बरंय," राव वदले. "जा."

धन्य ती ग्रंथसेवा!

मग समिती दाखल जाहली. पडद्यावर आकडा उमटला: एकूण बारा हजार, बाहेर शून्य. ऐसी शिस्त जिल्ह्यात पाहिली नाही म्हणोन अध्यक्षसाहेब बहुत खूश जाहले, आणि द्राक्षबागेवरील एक पुस्तक आवडले, ते दोन दिवसांकरिता मागते जाहले. रावांनी मनाशी हिशेब मांडिला. बटण दाबावे तर शून्याचा एक होतो. वृषालीबाई नोंदीस पुढे सरल्या, तो रावांनी त्यांस हातानेच मागे सारिले.

"सायेब, तुमाला कसली नोंद? खुशाल न्या."

साहेबांनी तेच पुस्तक मांडीवर घेतले, आणि त्यावर कागद टेकून शेरा लिहिला की, एकही ग्रंथ बाहेर नाही, ग्रंथपाल लायक. मग पुस्तक काखेत मारून स्वारी पुण्यास रवाना जाहली.

किल्ल्या रावांकडे कायम जाहल्या. पुस्तक आजतागायत आले नाही. संगणक मात्र ते कपाटातच आहे म्हणतो. येणेप्रमाणे फत्ते जाहली, सही शिक्का.