एकवीस आपत्ती आणि एक हीटर

चहा कशावर करावा, हा प्रश्न चहा करणाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही, हे ज्या घराला कळतं त्याला जबाबदार घर म्हणतात. बालाघाटात अशी घरं पुष्कळ. पण एकोणीसशे बासष्टच्या जूनमध्ये गुणाकररावांच्या घरानं जी जबाबदारी दाखवली तिला जिल्ह्यात तोड नव्हती. (शेजारच्या जिल्ह्यांचे आकडे आमच्याकडे नाहीत.)

गुणाकरराव एका सरकारी कचेरीत मोठे बाबू होते. नोकरी सव्वीस वर्षांची, तीही इंग्रजीच्या राज्यात सुरू झालेली. त्यांच्या टेबलावर आलेली फाईल परिपूर्ण झाल्याशिवाय हलत नसे, आणि परिपूर्ण होणं हे काही येरागबाळ्या फाईलचं काम नव्हे. छप्पन साली राज्य बदललं आणि कचेरीचा कागद हिंदी झाला. त्याचा गुणाकररावांना त्रास झाला नाही, कारण हिंदी मसुदे दुलीचंद नावाचा कारकून लिही आणि ते खाली सही करत. बाजारातली हिंदी त्यांना फर्डी येत होती. कागदावरच्या हिंदीशी त्यांची ओळख फक्त सहीपुरती होती.

त्यांची मुलगी अलकनंदा त्या वर्षी मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली. तिला जे शिकायचं होतं ते बालाघाटात नव्हतं, म्हणून तिनं जबलपूरच्या कॉलेजात अर्ज केला, आणि तिथल्या मुलींच्या वसतिगृहात तिला एक खाट मिळाली. आई विमलाबाईंनी एकच अट घातली होती. "यंदा गेली तर गेली. नाही गेली तर वारासिवनीच्या स्थळाले आपण हौ म्हणू. राइस मिलवाले लोक आहेत, ते काय जन्मभर वाट पाहतीन?" अट सरळ होती आणि सगळ्यांना मान्य होती. गुणाकररावांची तर मनापासून इच्छा होती की पोरीनं शिकावं. ती सहा वर्षांची असताना त्यांनी तिला कचेरीतला जुना शाईचा शिक्का खेळायला आणून दिला होता. एवढ्या प्रेमाचा दुसरा पुरावा त्या कचेरीच्या इतिहासात नाही.

जबलपूरहून लिफाफा आला त्यात तीन कागद होते. पहिल्यावर लिहिलं होतं की सोळा जुलैला हजर व्हा. दुसरा पुस्तकांच्या यादीचा होता. तो कागद चांगला जाड निघाला, म्हणून विमलाबाईंनी भाजणीच्या डब्याखाली पसरला. तिसऱ्यावर वसतिगृहाचे नियम होते, आणि त्यातल्या नवव्या नियमानं घर ढवळून काढलं. प्रत्येक मुलीला खोलीत विजेवर चालणारं एक उपकरण ठेवायची मुभा होती. एक. दोन नाहीत.

आता तुम्हीच सांगा, एकच वस्तू न्यायची आणि ती चुकीची निघाली तर? गुणाकररावांनी त्याच संध्याकाळी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य विमलाबाई. तज्ज्ञ सदस्य म्हणून विमलाबाईंचे भाऊ नंदकिशोर, जे उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत वीजमिस्त्री होते आणि दर रविवारी बसनं येत. अलकनंदेला समितीत घेता आलं नाही, कारण वस्तू तिच्याच वापराची असल्यामुळे तिचं मत निःपक्षपाती राहिलं नसतं.

तरीही तिचं म्हणणं ऐकून घेण्यात आलं. ते असं होतं :

"बाबा, तिथं मेस आहे. दोन वेळचं जेवण भेटते. अन् मी चहा घेतच नाही."

"आता नाही घेत," गुणाकरराव म्हणाले. "पुढं घेशील तर? परीक्षेच्या वक्ती सगळे घेतात." आणि त्यांनी कागदावर 'नोंद घेतली' असं लिहिलं.

समितीनं चार वस्तूंचा विचार केला. पहिली म्हणजे विमलाबाईंच्या भरवशाचा वातीचा स्टोव्ह. तो विजेवर चालत नाही ही त्याची एकमेव उणीव होती, आणि त्या उणिवेवर चार दिवस चर्चा झाली. दुसरी केटली, निळ्या झाकणाची. तिच्यात पाणी तापतं, दूध तापवता येत नाही. मग मुलगी आजारी पडली आणि डॉक्टरनं दूध सांगितलं तर? (तापवलेलं दूध मेसमध्ये मिळतं, असं अलकनंदा म्हणाली. नोंद घेतली.) तिसरी सूचना विजेच्या सामानाचे दुकानदार मोतीलाल यांची. ते म्हणाले, "बाबूजी, इस्त्री ले जाइए. उलटी करके दो ईंटों के बीच रखिए, ऊपर पतीली. चाय की चाय, कपड़े के कपड़े." या सूचनेनं समिती भारावली. एका वस्तूत दोन वस्तू, आणि नियमाचा भंगही नाही. पण रविवारच्या चाचणीत नंदकिशोरनं उलटी इस्त्री ज्या स्टुलावर ठेवली त्या स्टुलाला आजही कुणी हात लावत नाही.

चौथा हीटर. चिनी मातीची थाळी, तिच्या खाचेत वेटोळी तार, एक हजार वॅट. नंदकिशोरला तो फारच किरकोळ वाटला. त्यांच्या हातून तोवर दोनशे अश्वशक्तीखालची वस्तू कधी दुरुस्त झाली नव्हती. "भाटवे, याच्यावर काय दूध तापन?" ते बहिणीच्या नवऱ्याला म्हणाले. तापलं. अर्धा शेर दुधाला नऊ मिनिटं लागली. दहाव्या मिनिटाला घराचा फ्यूज गेला, आणि अकराव्या मिनिटाला शेजारी प्रेमलाल येऊन विचारू लागले की त्यांचाही दिवा काहून गेला. यावरून वस्तू जोरदार आहे हे सिद्ध झालं आणि हीटर एकमतानं मंजूर झाला. एकूण बैठका अकरा. चाचण्या सहा. फुटलेले कप दोन. जून संपून जुलै लागला होता, आणि अलकनंदेनं आपली ट्रंक स्वतःच भरून दाराशी आणून ठेवली होती. त्याकडे लक्ष द्यायला अजून कुणाला सवड झाली नव्हती.

आता फक्त परवानगीचा अर्ज उरला होता. तो नियमांच्या कागदाच्या पाठीवरच छापलेला होता. खाली एक रकाना होता. तो इथं जसाच्या तसा देतो :

'छात्रावास में निवास एवं विद्युत उपकरण के संबंध में अभिभावक को जो भी आपत्ति हो, क्रमवार लिखकर १० जुलाई तक भेजें। न हो तो निरंक लिखें।'

गुणाकररावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा ऊर भरून आला. किती दूरदृष्टीची माणसं असतील! पोरगी घरून निघालीही नाही, आणि तिच्यावर कोणकोणती आपत्ती येऊ शकते ते आधीच विचारून ठेवताहेत, म्हणजे आली की सामोरं जाता यावं. सव्वीस वर्षांत त्यांच्या कचेरीनं कुणाला एवढ्या मायेनं काही विचारलं नव्हतं.

दुलीचंद असता तर त्याला मसुदा दाखवला असता. पण दुलीचंद भाताच्या रोवण्यासाठी पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेला होता. शिवाय हे काम बापाचं होतं. सही करून पुढं ढकलण्यातलं नव्हतं.

"एवढं काय लिहून राह्यले?" विमलाबाईंनी विचारलं.

"आपत्त्या."

"अगं बाई. काही नाही म्हणून टाका न."

"निरंक लिहू? निरंक? पोटच्या पोरीच्या आपत्तीच्या रकान्यात निरंक लिहिणारा बाप तू पाहिला का?"

विमलाबाईंनी पाहिला नव्हता. मग त्याही मदतीला बसल्या, आणि रविवारी नंदकिशोरही. पहिली आपत्ती दूध उतू जाण्याची. दुसरी विजेचा धक्का. तिसरी उंदरानं वायर कुरतडणे. सातवी नंदकिशोरची होती : पूर्ण जबलपूर शहराचा फ्यूज जाणे. अकरावी विमलाबाईंची : मेसच्या भाजीत तेल कमी पडून मुलगी वाळणे. मग साप, हिवताप, नर्मदेला पूर, खाटेचा पाय मोडणे, शेजारच्या खाटेवरची मुलगी घोरणारी निघणे. विसावी होती मुलीला घराची आठवण येणे. इथं गुणाकरराव थांबले. खिडकीतून त्यांना अलकनंदा दिसत होती. ट्रंकेला कुलूप लागतं की नाही ते ती तिसऱ्यांदा पाहत होती. त्यांनी पेन शाईत बुडवलं आणि एकविसावी लिहिली : 'बाप को लड़की की याद आना।'

शेवटी शिष्टाचार म्हणून एक ओळ जोडली : 'इससे अधिक आपत्ति सूझी तो तार से भेजेंगे।' आणि सही केली. कागद रजिस्टर्ड पोस्टानं गेला. सात तारखेला. मुदतीच्या तीन दिवस आधी.

चौदा तारखेला उत्तर आलं, तेही कचेरीच्या पत्त्यावर. गुणाकररावांनी ते वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि त्याच सकाळी रजेवरून परतलेल्या दुलीचंदपुढं ठेवलं. दुलीचंदच्या नखांत अजून शेताचा चिखल होता. पत्रात म्हटलं होतं की अभिभावकांच्या एकवीस आपत्ती प्राप्त झाल्या. इतक्या आपत्ती असताना छात्रेला वसतिगृहात ठेवणं उचित वाटत नाही. सबब तिची जागा प्रतीक्षा-यादीतल्या पुढच्या मुलीला देण्यात आली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावयाचा असल्यास फॉर्म सोबत जोडला आहे. सोबत त्यांची यादीही परत आली होती. तिच्यातल्या एकविसाव्या आपत्तीखाली कुणीतरी लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

"दुलीचंद, मैंने तो सब संकट लिखकर दिए," गुणाकरराव म्हणाले. "ये लोग नाराज काहे को हुए?"

दुलीचंदनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्याला वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "बाबूजी, यहाँ संकट वाली आपत्ति नहीं है. एतराज वाली है. आपने लिखकर दिया है कि लड़की को भेजने में आपको इक्कीस एतराज हैं." यादीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो पुढं म्हणाला, "और बाकी तार से भेजेंगे."

म्हणजे मराठीत जी आपत्ती कोसळते, ती कागदावरच्या हिंदीत घ्यायची असते. हरकत. बाजारात हरकतीला सगळे एतराज म्हणतात. आपत्ति म्हणणारा मनुष्य गुणाकररावांना बालाघाटच्या बाजारात सहा वर्षांत भेटला नव्हता. एक शब्द लिहायचा होता, निरंक, आणि पोरगी जबलपूरला होती. गुणाकररावांना रडू आलं. ते कचेरीत, टेबलाशी बसून, दुलीचंदच्या समोर रडले. त्यांनी लगेच जबलपूरला तार केली : 'समस्त आपत्ति वापस'. पण गेलेली खाट परत आली नाही. पुढच्या मुलीच्या बापानं निरंक लिहिलं होतं.

घरी अलकनंदेला सांगितलं. तिनं यादी मागून घेतली आणि पूर्ण वाचली. एकविसाव्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"बाबा, ही तं आली असतीच," ती म्हणाली. मग तिनं दारातली ट्रंक उचलून आत नेली.

वारासिवनीच्या लोकांना निरोप गेला. विमलाबाईंनी आपला शब्द पाळला, यात त्यांना कुणी नाव ठेवू शकत नाही. हीटर वाया जाणार नव्हता. रुखवतात मधोमध मांडला की उठून दिसला असता, आणि नंदकिशोरनं त्याला नवीन वायर बसवून द्यायचंही कबूल केलं.

पण गुणाकरराव हटले नाहीत. फाईल बंद होऊ द्यायची नाही, हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. त्या रविवारी त्यांनी पुढच्या वर्षाचा फॉर्म समितीपुढं पसरला. "वारासिवनीवाल्याले म्हणा, वरसभर थांबा," ते म्हणाले. "नाही थांबले तं नाही." विमलाबाईंनी शाईची दौत पुढं सरकवली. या घरात ते होकारासारखंच होतं. आपत्तीच्या रकान्यात गुणाकररावांनी सर्वांत आधी मोठ्या अक्षरात 'निरंक' लिहिलं. मग नाव लिहिलं. बापाचं नाव, पत्ता, वय, उपकरण : हीटर, एक हजार वॅट. तीन ओळी राहिल्या होत्या, त्यातली पहिली होती 'विषय'.

पेन तिथं थांबलं.

"ऐकते का," त्यांनी विमलाबाईंना विचारलं, "पोरगी कोनता विषय घेऊन राह्यली होती?"

विमलाबाईंनी नंदकिशोरकडं पाहिलं. नंदकिशोरनं हीटरकडं पाहिलं. अकरा बैठकांच्या टिपणांत तो शब्द एकदाही आलेला नव्हता. भाजणीच्या डब्याखालच्या कागदावर तो अगदी वर, ठळक छापलेला होता, पण डबा भरलेला होता आणि तो उचलायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी गुणाकररावांनी आत हाक मारली. अलकनंदा बाहेर आली. बापानं विचारलं, आणि तिनं सांगितलं. एकच शब्द होता. गुणाकररावांनी तो काळजीपूर्वक रकान्यात लिहिला.

तो इथं लिहायचं कारण दिसत नाही. हीटर किती वॅटचा, दूध किती मिनिटांत तापलं, केटलीचं झाकण कोणत्या रंगाचं, हे सगळं तुमच्या ध्यानात राहिलं आहे. पोरगी शिकणार काय होती, हे इतक्या वेळात तुम्हीही एकदा विचारलं नाहीत.