शाही संध्याकाळ आणि साळिंदराचा कोट

मुलांनो, आजची गोष्ट कपड्यांची आहे. तेव्हा आधी सदऱ्याची बटणं लावून घ्या आणि मग मांडी घालून बसा.

एका जंगलात एक रुंद नदी होती. पूर्वी जनावरांना पलीकडे काम असलं की ती नदी ओलांडत. पुढे जंगल सुधारलं आणि नदीत एक तीन मजली जहाज आलं. त्याचं नाव डौलराणी. डौलराणीत बसून पलीकडे कुणी जात नसे. सात दिवस पाण्यावर फिरायचं आणि जिथून निघालो तिथंच उतरायचं. याला जलपर्यटन म्हणत.

त्याच जंगलात एका टेकडीच्या पोटात सुभानजी साळिंदर आणि त्यांची बायको अनसाबाई राहत. साळिंदर तुम्ही चित्रात पाहिलं असेल. अंगभर लांब काटे असतात. कुणी वाईट विचारानं जवळ आलं की साळिंदर फक्त पाठ फिरवतं. मग आलेला आपण होऊन परत जातो. सुभानजींनी सारा जन्म कंद उकरण्यात घालवला होता. आता ते निवृत्त झाले होते, म्हणजे तेच कंद सावकाश उकरत होते.

एके दिवशी त्यांच्या लेकीनं सासरहून आईबापांसाठी डौलराणीची तिकिटं पाठवली. सोबत एक छापील पत्रक होतं. अनसाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं.

"सात संध्याकाळींपैकी दोन शाही. त्या दिवशी भोजनगृहात पुरुषांना काळा कोट, ताठ कॉलर आणि पांढरे हातमोजे. बायकांना भरजरी वस्त्र. नखं मोज्यात, शेपूट आत, मान ताठ. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वरच्या मजल्यावर उघड्यावर जेवावं."

"मग आपण उघड्यावर जेवू," सुभानजी म्हणाले. "जन्मभर उघड्यावरच जेवलो."

अनसाबाईंनी कोपऱ्यातली पेटी उघडली आणि एक जांभळा शालू काढून मांडीवर घेतला. तो लग्नातला होता. लग्नानंतर तो एकदाही नेसून झाला नव्हता. बिळाचं छत इतकं खाली होतं की उभं राहून निऱ्या घालायला जागाच नव्हती.

"मी काही म्हटलं का?" अनसाबाई म्हणाल्या.

तीस वर्षांच्या संसारात सुभानजींना या वाक्याचा अर्थ कळू लागला होता. दुसऱ्या दिवशी ते शिंप्याकडे गेले.

शिंपी म्हणजे पानं शिवून घरटं करणारा तो चिमुकला पक्षी. हात चांगला होता त्याचा. पहिला कोट सुभानजींनी अंगात घालताना फाटला. दुसरा काढताना फाटला. तिसरा त्यांनी घातलाच नाही, नुसते त्याच्या जवळून गेले.

"कोटात दोष नाही," शिंपी चोचीतली सुई काढून म्हणाला. "कात्री तुम्हाला लावायला हवी."

"मला?"

"काट्यांना हो. पावसाळ्यापर्यंत परत येतात. आणि जहाजावर सगळी सभ्य मंडळी असतात. तिथं काटे काय करायचेत?"

सुभानजी खाली बसले आणि शिंप्यानं कात्री चालवली. घरी येताना त्यांच्या पाठीला वारा लागला. पाठीला वारा लागतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एरवी ते वाटेच्या मधून चालत. त्या दिवशी झुडपांच्या कडेकडेनं आले.

अनसाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"थंडी वाजत नाही?"

"वाजते. पण कोट आहे ना आता."

अनसाबाईंना काटे काढावे लागले नाहीत. शालूला घेर असतो. तेल लावून काटे चापून बसवले की वरून शालू नीट बसतो. कोटाला घेर नसतो, एवढाच काय तो फरक.

जहाज सुटलं आणि दुसऱ्याच दिवशी पहिली शाही संध्याकाळ आली. भोजनगृहाच्या दारात पोशाखनिरीक्षक बगळेसाहेब एका पायावर उभे होते. ते स्वतः जन्मतःच पांढरेशुभ्र असल्यामुळे त्यांना कुणी काही म्हणू शकत नसे. त्यांनी सुभानजींना पुढून पाहिलं, मागून पाहिलं. अनसाबाईंच्या शालूचा काठ चोचीच्या टोकानं सरळ केला.

"या," ते म्हणाले.

टेबल चौघांचं होतं. एका खुर्चीवर हरिणाक्षी चितळे नावाची तरुण हरिणी बसली होती. तिच्या अंगावर पायघोळ झगा होता आणि चेहऱ्यावर नाराजी. दुसऱ्या खुर्चीवर बिबटेराव होते. हो, बिबट्याच. वैद्यांनी त्यांना हवापालट आणि हलका आहार सांगितला होता. त्यांची कॉलर इतकी ताठ होती की मान ना डावीकडे वळत होती ना उजवीकडे. पंजांवर जाड पांढरे मोजे होते. त्या मोज्यांत चमचा धरायला त्यांना पाच मिनिटं लागली.

"सार चांगलं झालंय," बिबटेराव समोर बघत म्हणाले. समोर खांब होता.

"दुधीचं आहे," अनसाबाई म्हणाल्या.

"कोट छान बसलाय तुमच्या यजमानांना."

सुभानजींना कोट काखेत काचत होता. तरी त्यांना बरं वाटलं. त्यांनी शेजारी पाहिलं. दिव्यांच्या उजेडात अनसाबाईंचा शालू चमकत होता आणि त्या ताठ बसून इकडेतिकडे बघत होत्या. वरचं छत खूप उंच होतं. 'काट्यांचं सार्थक झालं,' असं सुभानजींच्या मनात आलं.

जेवण कुणालाच धड गेलं नाही. सगळे अवघडून बसले होते आणि एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होते. संध्याकाळ सुखरूप पार पडली.

दुसऱ्या दिवशी हरिणाक्षीनं सह्यांची मोहीम काढली.

"सुट्टीवर आलोय आपण," ती प्रत्येकाला सांगत होती. "मग गळ्याला फास कशाला? कुणी काय घालावं हे सांगणारे बगळे कोण? ज्याला जसं मोकळं वाटेल तसं त्यानं जेवायला यावं."

माकडांनी लगेच सह्या केल्या. सशांनी केल्या. बिबटेरावांनी आधी नको नको म्हटलं, मग शेवटून तिसरी सही केली. कॉलरीमुळे त्यांच्या मानेवर वळ उठले होते. हरिणाक्षीनं ते वळ सगळ्यांना दाखवले. ते बघून एका सशाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुभानजी सही न करता डेकवर बगळेसाहेबांना शोधत गेले.

"साहेब, हे मोजे घालायचा नियम कधीपासूनचा?"

"माझ्या आजोबांच्या वेळचा."

"कशासाठी केला होता?"

बगळेसाहेबांनी पाय बदलला. "कारण लिहून ठेवायचं राहिलं. नियम तेवढा लिहिला."

कप्तान मकरंद मगर यांनी सह्यांचा कागद वाचला. ते लोकशाहीवादी होते आणि त्यांना स्वतःलाही कोट घट्ट होत होता. त्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली. 'प्रवासी हेच आमचं दैवत. यापुढे शाही संध्याकाळ ऐच्छिक. पोशाख सुटसुटीत-सुबक असावा.'

याचा अर्थ कुणालाच कळला नाही. माकडांनी त्यातलं सुटसुटीत एवढंच वाचलं आणि मोरांनी सुबक एवढंच.

पाचव्या दिवशी दुसरी शाही संध्याकाळ होती. सुभानजी कोट हातात घेऊन खोलीत बसून राहिले.

"आज नाही घातला तरी चालेल म्हणतात," ते म्हणाले.

"मग नका घालू," अनसाबाई निऱ्या घालत म्हणाल्या. "मी नेसते. पुन्हा कधी उभं राहायला मिळतंय."

शालूशेजारी आपण उघड्या पाठीनं बसायचं, हे काही सुभानजींना पटलं नाही. त्यांनी कोट घातला.

भोजनगृहात गेल्यावर दिसलं की कोट घातलेले ते एकटेच. मोर सोडले तर बाकी सगळे जसे जन्मले तसे आले होते. बगळेसाहेब दारात होते, पण आता ते नुसतेच उभे होते. हरिणाक्षीनं पायघोळ झगा टाकला होता. बिबटेराव तिच्या शेजारी बसले होते. कॉलर नव्हती, मोजे नव्हते. ते मान डावीकडे वळवत, मग उजवीकडे वळवत. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपल्या दोन्ही बाजूंना कोण बसतं ते दिसत होतं.

"कसं वाटतंय?" हरिणाक्षीनं कौतुकानं विचारलं.

"मोकळं," बिबटेराव म्हणाले.

वाढप्यानं सार आणून ठेवलं. बिबटेरावांनी ते बाजूला सारलं. त्यांनी पंजा टेबलावर ठेवला आणि एकेक नख बाहेर काढून पाहिलं. सगळी शाबूत होती. मग त्यांनी हरिणाक्षीच्या मानेकडे पाहिलं.

हरिणाक्षी बोलता बोलता थांबली. पुढच्या क्षणी ती टेबलावरून, मोरांच्या डोक्यावरून उडी मारून खिडकीबाहेर डेकवर गेली. झगा असता तर जमलं नसतं. तेवढा मुद्दा तिचा बरोबर होता.

बिबटेरावांनी मान वळवली. आता समोर सुभानजी होते.

"राग मानू नका," बिबटेराव उठत म्हणाले. "आज मोकळीक आहे."

सुभानजींनी उठायचा प्रयत्न केला. कोट खुर्चीत अडकला. मग बापजाद्यांच्या सवयीनं त्यांनी पाठ फिरवून अंग फुलवलं. कोटाला एक सुरकुती पडली. बाकी काही झालं नाही. भीती वाटते म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांना उतारवयात त्या खुर्चीत कळलं. पाठ फार मोठी वाटते.

तेवढ्यात अनसाबाई दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बिबटेरावांकडे पाठ केली, डोळे मिटले आणि अंग झाडलं.

जांभळा शालू एकदम शंभर ठिकाणी फाटला. जरीच्या काठातून, पदरातून, निऱ्यांतून काटे उभे राहिले. अनसाबाई दोन पावलं मागे सरकल्या. बिबटेराव नाक धरून खाली बसले. नाकात अकरा काटे होते.

कप्तान मगर धावत आले. "काय झालं?"

"मी नुसता मोकळा बसलो होतो," बिबटेराव नाकातून म्हणाले.

मोरांनी मान डोलावली. त्यांच्या बाजूनं तसंच दिसलं होतं.

बगळेसाहेब सावकाश चालत आले. अनसाबाईंना त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "फाटलेलं वस्त्र सुटसुटीत आहे, पण सुबक नाही. आपल्याला वरच्या मजल्यावर जावं लागेल."

वरच्या मजल्यावर उकडलेले कंद होते. दोघांनी ते हातानं खाल्ले. नदीवर अजून थोडा उजेड होता. सुभानजींनी कोट काढून शेजारच्या बाकावर ठेवला. अनसाबाई काट्यांत अडकलेल्या जरीच्या चिंध्या एकेक करून सोडवत होत्या. सुभानजीही सोडवू लागले. त्यांच्या बोटांना टोचत होतं, पण ते थांबले नाहीत.

"शालू गेला," सुभानजी म्हणाले.

"दोनदा नेसले की," अनसाबाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढा कंद संपवा."

सहाव्या दिवशी सकाळीच सुभानजी कप्तानांकडे गेले आणि मोजे परत आणा म्हणाले. कप्तानांनी सूचना उत्तम आहे असं सांगून ती पेटीत टाकायला लावली. पुढच्या सहलीत तिच्यावर मतदान होणार होतं. सुभानजी परत आले तर फळ्यावर नवी सूचना लागत होती. 'भोजनगृहात काटे आणण्यास सक्त मनाई. बाकी सर्व पोशाख ऐच्छिक.' खाली या दोघांखेरीज सगळ्या प्रवाशांच्या सह्या होत्या. पहिली हरिणाक्षीची.

ती स्वतः समजावून सांगायला आली. मनानं चांगली होती ती.

"काकू, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण काट्यांमुळे बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं."

"तू आज कुठं जेवणार?" अनसाबाईंनी विचारलं.

"बिबटेरावांच्या टेबलावर. काल मी उगाच घाबरले. त्यांच्या मनाला किती लागलं असेल. नाकाला पट्टी आहे, एकट्याला जेवण जात नाही म्हणतात."

अनसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आपल्या लेकीपेक्षा ही दोन वर्षांनी लहान असेल, असं त्यांना वाटलं.

"दाराजवळची खुर्ची घे, बाई," त्या म्हणाल्या.

हरिणाक्षी हसली. तिनं भिंतीकडची घेतली. तिथून दिव्यांची रोषणाई चांगली दिसत होती.

सातव्या दिवशी डौलराणी धक्क्याला लागली. उतरताना बगळेसाहेबांनी प्रवासी मोजले. एक कमी भरला. त्यांनी पुन्हा मोजले आणि मग यादी दुरुस्त केली. बिबटेराव शिडीवरून सावकाश उतरले. सशांनी त्यांना नाकाची काळजी घ्यायला सांगितलं.

सुभानजी घरापर्यंत अनसाबाईंच्या मागे चालले. जन्मभर ते पुढे चालत आले होते. वाटेत कुणीतरी याचं कारण विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आता पावसाळा येईपर्यंत असंच चालायचं ठरवलंय.

तात्पर्य : मोकळेपणा फार चांगला. मात्र शेजाऱ्याची कॉलर घट्टच असावी.