सोनबाचं वाकडं हँडल

"सरळ हँडल? ते म्हाताऱ्यांनी आन् दूधवाल्यांनी वापरावं!" असं सोनबानं ताथवड्याच्या पारावर छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हा त्याला अडवायला कोणी उठलं नाही. खरं तर तिथंच कोणीतरी त्याचा कान धरायला हवा होता. पण कान धरण्याच्या वयाची सगळी मंडळी त्या वेळी तंबाखू मळत होती, हात कोणाचाच मोकळा नव्हता!

सोनबा म्हणजे गोजाबाईंचा एकुलता एक लेक. पिंपरीला नवे कारखाने निघाले, तेव्हा गावातून सगळ्यात आधी शिफ्टला जाऊ लागला तो हाच. त्यामुळे अंगात जरा जास्तच हवा. त्यात पुण्यात त्यानं सायकलींची शर्यत पाहिली. त्या सायकलींची मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली हँडलं पाहिली, आणि गडी तडक चिंचवडला भिमाजीच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला.

हा भिमाजी सायकली दुरुस्त करायचा आणि लग्नं जुळवायचा. दोन्ही कामं एकाच बाकड्यावर बसून.

"ऐक माझं," भिमाजी म्हणाला. "शर्यतवाला घटकाभर वाकतो आन् बक्षीस घेऊन घरी जातो. तुला रोज कामाला जायचंय. आरामात जायचं तर हँडल छातीपाशी पाहिजे, गुडघ्यापाशी न्हाई."

"पर वारा लागत न्हाई ना, भिमाभाऊ! वारा कापत जायचं!"

"वारा कापशील रं, पर पाठीचं काय?"

"पाठ काय म्हाताऱ्याची हाय व्हय?"

झालं! जुनं हँडल निघालं, शिंगं बसली. सोनबा त्यांच्यावर ओणवा झाला आणि सुसाट सुटला. वारा खरंच लागेना. पण पुढचं दिसेना त्याचं काय? दिसायचं फक्त पुढचं चाक आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. एकदा तर त्यानं चार पाय पाहून दोन माणसं समजून मोठ्या अदबीनं "राम राम, पाव्हणं!" घातला. म्हैस बिचारी बघतच राहिली.

रात्री पाठ अशी ठणकायची की कूस बदलताना सोनबाला देव आठवायचे. गोजाबाई तेल चोळायच्या.

"त्या मेल्या हँडलानंच झालंय हे."

"छे गं आये! गादीवर बसल्यागत वाटतंय!" उशीत तोंड खुपसून सोनबा सांगायचा. गावात एवढी फुशारकी मारल्यावर माघार घेणार कशी?

अशात भिमाजीनं स्थळ आणलं. दापोडीच्या कोंडाजींची इंदू. नाव ऐकताच सोनबाच्या पाठीतली कळ थांबली! चिंचवडच्या यात्रेत त्यानं तिला पाहिली होती. एका बांगडीवाल्याशी ती अशी काही भांडत होती की तो बिचारा शेवटी दोन बांगड्या जास्तच भरून मोकळा झाला. तेव्हापासून सोनबाच्या डोक्यात दुसरी पोरगीच नव्हती. केली तर हीच, नाहीतर जन्मभर भाकरी आईच्या हातची!

पण इंदूला एक मामा होता, उद्धवराव. या मामांना सोन्याची मूर्ती दाखवली तरी ते आधी ती मागून बघत. बघण्याचा कार्यक्रम ठरायच्या आधी पोरगा गुपचूप पाहून यावा, म्हणून ते पिंपरीला रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानात येऊन बसले. सकाळी सोनबा समोरून गेला, ओणवा. संध्याकाळी परत आला, तोही ओणवा. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि थेट दापोडी गाठली.

दुसऱ्या दिवशी भिमाजी ताथवड्याला आला तो मान खाली घालूनच.

"गोजाबाई, रागावू नका. पोरीचे मामा म्हणत्यात, पोरगं कुबडं हाय."

"कोण कुबडं?" गोजाबाईंनी हातातलं लाटणं उगारलं. "माझं पोरगं? त्या मामाचीच पाठ मी कुबडी करीन!"

सोनबा मात्र पांढराफटक पडला. वारा कापता कापता इंदू कापली गेली होती! त्यानं सायकल उचलली, भिमाजीचं दुकान गाठलं आणि पहिल्यांदाच नरम आवाजात म्हणाला, "भिमाभाऊ, सरळ हँडल बसवा. जेवढं उंच असंल तेवढं."

"पाठ दुखतीय का?"

"न्हाई ओ. रस्ता नीट दिसत न्हाई, एवढंच."

रविवारी आई आणि भिमाजी बसनं दापोडीला गेले. सोनबा मात्र हट्टानं सायकलवर निघाला. सगळ्या आळीनं बघितलं पाहिजे ना! नवं हँडल थेट छातीपर्यंत आलं होतं. त्यावर गडी झेंड्याच्या काठीसारखा ताठ बसला तो ताथवड्यापासून दापोडीपर्यंत. खड्डा आला तरी वाकला नाही. कासारवाडीला टोपी उडाली तरी मान वळवली नाही! आधीच आंबलेली ती पाठ आता ताठून खांब झाली.

पण दापोडीत काम फत्ते! कोंडाजी खूश झाले. उद्धवरावांनी सोनबाभोवती एक चक्कर मारली, पाठीवरून हात फिरवला आणि नाइलाजानं म्हणाले, "सरळ दिसतोय खरा."

इंदू पोह्यांची ताटली ठेवायला आली. तिनं चोरून पाहिलं. सोनबानंही पाहिलं. सोनबाला वाटलं, आता फक्त अक्षता पडायच्या राहिल्यात.

"पाया पड सगळ्यांच्या," गोजाबाई कौतुकानं म्हणाल्या.

सोनबा कोंडाजींच्या पायाशी वाकला. पाठीत कट्टकन आवाज झाला. उसण भरली! मग काय, खालचा माणूस खालीच.

"पुरे, पुरे, औक्षवंत व्हा," कोंडाजी म्हणाले. सोनबा उठेना. "अहो, उठा की आता." सोनबा कण्हला, पण उठेना.

"म्हणलं नव्हतं मी?" उद्धवराव टाळी वाजवून ओरडले. "कुबडंच हाय! घटकाभर कसंबसं दाबून ठेवलं हुतं!"

"उसण भरलीय त्याला!" गोजाबाई कडाडल्या. "घरात कोणी पायाळू असंल तर बोलवा. एक लाथ घातली की पोरगं सरळ!"

आता पायाळू म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर काढून जन्मलेलं माणूस. त्याच्या लाथेनं उसण पळते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"दूर कशाला जायचं?" इंदूची आई शालनबाई चटकन बोलून गेल्या. "आपली इंदीच की पायाळू!"

आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. कोंडाजींनी कपाळाला हात लावला. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. असली पोरगी सून करून घ्यायला लोक कचरतात, म्हणून कोंडाजींच्या घरानं ही गोष्ट आजवर बाहेर फुटू दिली नव्हती.

"अस्सं!" गोजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमच्या घरावर वीज पाडायला निघाला हुता व्हय?"

"आन् तुमी कुबड खपवायला निघाला हुता त्याचं काय?" मामा गरजले.

"अवं, भांडा खुशाल," कोंडाजींच्या पायांकडून आवाज आला, "पर आधी मला सरळ करा!"

"मुलगी बघायला आलेल्या पोराला मुलीनंच लाथ मारायची? लोक शेण घालतील तोंडात!" मामा म्हणाले.

पण इंदू पुढे आलीच. तिनं पदर खोचला, सोनबाच्या मागे उभी राहिली आणि हळूच विचारलं, "हळू मारू का जोरात?"

वाकल्या वाकल्याच सोनबा हरखला. तिचा हा पहिला शब्द! "तुमच्या हातानं... म्हंजे पायानं... कशीबी चालंल."

इंदूनं बांगडीवाल्याला आठवून लाथ हाणली. सोनबा गेला तो थेट पोह्यांच्या ताटलीत! मग उठला. सरळ उठला! नाकाला पोहे, मिशीला कोथिंबीर, पण पाठ सुतासारखी. कोणी काही विचारायच्या आत तो ओरडला, "मला पोरगी पसंत हाय! वीज पडली तर माझ्यावर पडू द्या!"

पदराआड इंदू खुदकन हसली. मामांकडे सगळ्यांनी पाहिलं. मामा पुटपुटले, "एवढी लाथ खाऊन हो म्हणतोय, म्हंजे पोरगं टिकाऊ हाय." लग्न ठरलं.

लग्नानंतर सोनबा इंदूला मागच्या कॅरिअरवर बसवून, उंच सरळ हँडल धरून ऐटीत गावात शिरला. पारावर मंडळी बसलेलीच होती. सायकल थांबवून सोनबा म्हणाला, "आरामात जायचं तर सरळ हँडलच पाहिजे, राव! मी तर पहिल्यापास्नं हेच सांगत आलोय. दुसऱ्या कोणाला यातलं कळतच न्हाई..."

मागून इंदूनं अगदी गोड आवाजात विचारलं, "अवं, पाठीत परत काही भरलं का?"

सोनबानं जे पायडल हाणलं, ते घर येईपर्यंत थांबवलंच नाही!