छपरासाठी लावलेली रांग

माणसांना बोलतं कसं करावं, हे मला कुणी शिकवू नये! चाळीस वर्षं हेदरबी गावाच्या भर चौकात मी लोखंडी सामानाचं दुकान चालवलंय. चार खिळे मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून त्याच्या सासूच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं काढून घेतलंय. म्हणून आमची बाजारपेठ पुन्हा उभी करायला नगरपालिका, दुकानदार आणि चर्चची मंडळी यांनी भागीदारी केली आणि लोकांची मतं गोळा करायचं काम निघालं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "तीनशेच अर्ज ना? शनिवारच्या बाजारात दुपारपर्यंत पेटी फुटेल!"

अट सरळ होती. शनिवारी बाराच्या आत तीनशे अर्ज, आणि ज्या कामाला जास्त मतं त्याच कामाला काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, निधी.

मला छप्पर हवं होतं. आमच्या बाजारमंडपाचं छप्पर म्हणजे चाळणीची थोरली बहीण! बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला तासभर चालूच. त्या छपराखाली माझ्या बायकोचं, हेस्टरचं, चीजचं दुकान. आधी तिच्या आईचं होतं. हेस्टर छत्री चीजवर धरायची आणि स्वतः भिजायची. "हा हिवाळा असाच गेला, तर दुकान बंद करते ऑस्विन," एवढंच ती म्हणाली होती. म्हणताना चीजची लादी अशी पुसत होती, जसं झोपलेल्या लेकराचं कपाळ पुसावं. तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी!

शनिवारी सकाळी चौकात टेबल मांडलं. पेन्सिली टोकदार, मोकळी पेटी, वर झकास टेबलक्लॉथ. दहा वाजले तरी कुणी फिरकेना! लोक यायचे, लांबून बघायचे आणि बुजऱ्या वासरासारखे वळून जायचे. पहिलं कुणी व्हायचं, हाच प्रश्न!

आता आमच्या लोकांची नस मला ठाऊक. मोकळ्या टेबलाकडे ते मरेपर्यंत जाणार नाहीत. पण रांग दिसली की कशाची ते न विचारता उभे राहतील! मी चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या चौघांना पकडून आणलं. त्यांचा म्होरक्या सिरिल बूथ, घंटेइतकाच जड.

"सिरिल, नुसतं उभं राहायचं. बाकीचं मी बघतो."

"उभं राहण्यात आमचा हात कुणी धरणार नाही!" सिरिल म्हणाला.

आणि काय सांगू! पाच मिनिटांत चौघांचे चौदा, चौदाचे चाळीस. रांग पोस्टाला वळसा घालून मंडपामागे गेली. त्यात त्या दिवशी ऊन असं लखलखीत, की आमच्याकडे असं ऊन वर्षातून एकदाच वाट चुकून येतं. मी हात चोळत म्हणालो, "चल सिरिल, भर पहिला अर्ज!"

"मी? छे! मी नदीपलीकडच्या थॉर्पचा. तुमच्या गावाबद्दल मत देणं शोभेल का मला?"

"मग बाजूला हो!"

"बाजूला? पहिला नंबर आहे माझा!"

मी त्याच्या मागच्याला विनवलं. "अहो, या गृहस्थांच्या पुढे मी कसा जाऊ?" तो म्हणाला. त्याच्या मागच्या बाईंनी नुसतं आभाळाकडे पाहिलं.

अकरा वाजले. सव्वाअकरा. रांग तसूभर हलेना, तक्रारही कुणी करेना! मी या टोकाकडून त्या टोकाकडे, त्या टोकाकडून या टोकाकडे, जाळ्यात सापडलेल्या मधमाशीसारखा. शेपटाकडे कुणी म्हणत होतं गरमागरम ॲपल पाय फुकट मिळताहेत, कुणी म्हणत होतं बँक बुडाली.

पावणेबाराला शेपटाशी पाहतो तर पेटी न्यायला आलेल्या काउंटीच्या अधिकारी, मिस पेंबरी, स्वतःच रांगेत उभ्या!

"बाई, तुम्ही पुढे चला! पेटी तिकडे आहे!"

"रांग मोडून?" त्या अशा दचकल्या, जणू मी त्यांना दरोडा घालायला बोलावतोय.

"पण बाराची मुदत?"

"मुदत मी पेटी उचलेन तेव्हा संपेल, मिस्टर टेट. आणि पेटी मी माझा नंबर आल्यावरच उचलणार."

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो!

पाऊण वाजला आणि सिरिलला आठवलं की एकला लग्नाच्या घंटा आहेत. चौघे धावत सुटले आणि गाव हललं! पेन्सिली झिजल्या, पेटी भरली, मी पिशवी लावली. चार वाजता मिस पेंबरी टेबलाशी पोचल्या. त्यांच्या पुढेच, उन्हाने नाक लाल झालेली, धावपळीत मला दिसलीच नव्हती ती हेस्टर!

"अगं, दुकान सोडून तू कुठे?"

"साडेचार तास उभी आहे. मला वाटलं, काहीतरी चांगलं मिळतंय."

तिने खुरडत येऊन अर्ज भरला. मिस पेंबरींनी मोजदाद केली. तीनशे बारा! माझे डोळे पाणावले. मग त्यांनी मतं वाचायला घेतली. "बसायला बाकं." दुसरा. "बाकं." तिसरा. "बाकं, पाठ टेकायची सोय असलेली."

मी हळूच हेस्टरचा अर्ज ओढला. बाकं!

"हेस्टर! आणि छप्पर?"

"छप्पर डोक्यावर असतं रे," ती पायरीवर बसून बूट काढत म्हणाली. "आत्ता दुखताहेत ते पाय!"

चाळीस बाकं आली. छान आहेत. गिऱ्हाइकं मंडपात निवांत बसून, हेस्टर चीजवर छत्री धरते ते बघतात.

छपराला एकच मत पडलं होतं. माझं! ते मिस पेंबरींनी तिथल्या तिथे बाद केलं. मी रांगेत उभा नव्हतो ना!