तिसरी शाळा सोडून पाचवी सर केली त्याची हकीकत

वर्तमान ऐसे जे, रोमानिया मुलुखी तेइशोरा नामे लहानसे शहर, तेथे रेल्वेरुळांचे अलीकडे तीन नंबरची सरकारी शाळा आणि पलीकडे पाच नंबरची, दोहोंत अंतर सातशे पावलांचे, पुस्तके तीच, खडू तोच. तथापि थोर कोणती, याविषयी जे युद्ध जाहले ते साद्यंत लिहिले असे.

सौभाग्यवती वज्रचुडेमंडित स्मरांदाबाई, औषधांचे दुकानी चाकरीस, यांची कन्या इलिंका सहा वर्षांची जाहली. तीन नंबरची शाळा घराचे खिडकीखालीच. परंतु त्या मुलुखी दस्तूर ऐसा की शाळा कोणी पाहात नाही, शिकविणारी बाई पाहतात. कारण पोर एकदा ज्या बाईंचे हाती पडले ते पाच साले तेथेच. मग स्मरांदाबाईंनी जासूद सोडिले. खबर आली की रुळांपलीकडील बाकावर बसणाऱ्या तमाम आज्यांचे एकमत, पाच नंबरात झेनोबियाबाई यंदा नवी तुकडी घेणार, ऐसी पंतोजीण उभ्या प्रांतात नाही. हे ऐकून बाईंची झोप उडाली आणि अन्न गोड लागेना. तीन नंबरची पायरीही न चढता तीस त्यांनी नालायक ठरविले.

आता पेच पडला. प्रवेश ओळखपत्रावरील पत्त्याप्रमाणे, आणि पलीकडे आपले म्हणावे ऐसे घर एकच, सासूबाईंचे. गंगाभागीरथीसमान अग्लायाबाईंनी इलिंकेचे बारशाचे पंगतीत, सुनेने कोबीच्या पानांत गुंडाळिलेला भात कच्चा म्हणून चारचौघांत थुंकला होता. तैपासून सहा साले बोलणे बंद. तरी पोरीसाठी मानी मान लवविली. बाई केक घेऊन रुजू जाहल्या आणि सासूबाईंचे फर्मान सुटले, "कागदावर नाव इथं, तर अंथरूणही इथंच. खोटेपणा माझ्या घरात चालायचा नाही, सांगून ठेवते!"

मग नवरा, पोर, गाद्या व शिवणयंत्र ऐसी फौज रूळ ओलांडून सासूबाईंचे दोन खोल्यांत दाखल जाहली, आणि ओळखपत्रे बदलिली, आणि कचेरीत सहा वेळा रांग धरिली, आणि शेवटची जागा इलिंकेस मिळाली.

सप्टेंबरात शाळा भरली. झेनोबियाबाई पोरांनी रिवाजाप्रमाणे आणिलेल्या एकतीस फुलगुच्छांआडून कशाबशा दिसत होत्या. स्मरांदाबाईंस म्हणाल्या, "ताई, माझी ही पहिलीच तुकडी हो. जरा सांभाळून घ्या."

स्मरांदाबाई तशाच माघारी फिरल्या. तरातरा घरी येऊन सासूबाईंस जाब पुसिला, की ही कीर्ती कोणी उठविली?

"मी," सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या. "नुसतं 'राहायला या' म्हटलं असतं, तर आली असतीस?"

बाईंस राग तर फार आला, पण सहा साले या म्हातारीने एकटीने जेवण केले, हे त्या दिवशी प्रथमच ध्यानी आले. दुपारी पोरीस आणावयास गेल्या तेव्हा हळूच विचारिले, की परत आपल्या खिडकीखालच्या शाळेत जायचे काय?

"नको गं आई," इलिंका म्हणाली. "बाईंचा पण पहिलाच दिवस होता. त्या रडायला लागल्या, मग मी त्यांचा हात धरला. उद्या मी नाही गेले तर?"

येणेप्रमाणे पाच नंबरची शाळा फत्ते जाहली.