तिसऱ्या अंकासाठी आलेलं नाट्यगृह

युद्ध सुरू झाल्यावर अठराव्या दिवशी तिकडच्या एका शहरातलं नाट्यगृह नांदखेडला राहायला आलं. सकाळी सव्वासातला ते बाजारतळावर उभं असलेलं पहिल्यांदा दूधवाल्यांनी पाहिलं. दगडी, दुमजली, चारशे बारा खुर्च्यांचं. छताला डाव्या अंगाला मोठं भोक पडलं होतं आणि त्यातून कबुतरं जा-ये करत होती. कबुतरं आपल्याकडचीच असावीत, असं लोकांचं मत पडलं.

मी तेव्हा नगरपालिकेत आवक-जावक कारकून होतो. बाहेरून कोणी वस्तीला आलं की नोंद माझ्याकडे. म्हणून फॉर्म घेऊन मीच गेलो.

नाव नाट्यगृहाने एकेक अक्षर फोडून सांगितलं, तरी मला ते दोनदा खोडावं लागलं. आवाज आतून, रंगमंचाच्या बाजूने यायचा, जरा घोगरा. मराठी स्वच्छ होतं. येता येता शिकलो, म्हणालं. स्वतःबद्दल ते पुल्लिंगी बोलायचं. फॉर्मवर मी नपुंसकलिंग लिहिलं, व्याकरणाने तेच बरोबर होतं.

"येण्याचं कारण?" मी विचारलं.

"युद्ध."

"या रकान्यात विवाह, नोकरी, बदली, शिक्षण आणि इतर एवढंच आहे."

"मग इतर लिहा."

"मुक्काम किती दिवस?"

"तिसरा अंक होईपर्यंत."

हकिगत अशी होती. तिकडे एका नाटकाचा प्रयोग चालू असताना दुसरा अंक संपला आणि भोंगा वाजला. लोक उठून तळघरात गेले. प्रयोग तिथेच थांबला आणि त्याच रात्री छताला भोक पडलं. नाट्यगृहाचं म्हणणं एवढंच होतं, की सुरू केलेला प्रयोग अर्धा सोडता येत नाही. त्याच्या एकशे सहा वर्षांच्या नोकरीत तसं कधी झालेलं नव्हतं. तिकडे आता नाटक करणं अवघड, म्हणून ते इकडे आलं होतं.

मुख्याधिकारी साहेबांनी दुपारी पाहणी केली आणि सात दिवसांत जागा खाली करण्याची नोटीस दाराला चिकटवायला सांगितली. साहेब माणूस वाईट नव्हते. बाजारतळाची जागा मंगळवारच्या बाजारासाठी राखीव होती आणि तिथे पक्कं बांधकाम चालत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "साहेब, हे इथे बांधलेलं नाही. आलेलं आहे. जे येतं आणि जातं त्याला आपल्या नियमात मांडव म्हणतात." साहेबांनी नियम काढून वाचला. मांडवाला पंधरा दिवसांची परवानगी देता येत होती. खांब रोवताना रस्ता खोदायचा नाही, एवढी अट होती. तो खोदलेला नव्हताच.

नट कुठून आणायचे हा खरा प्रश्न होता. गावात हौशी नाट्यमंडळ होतं, पण अकरा वर्षं बंद. टाउन हॉलचं मंगल कार्यालय झाल्यापासून त्यांना जागाच राहिली नव्हती. मंडळाचे दिग्दर्शक रमाकांत तेली सायकलचं दुकान चालवायचे. शैलजा मोहिते नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांना दोनदा अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. मी दोघांना घेऊन गेलो. रमाकांत हात पुसत आत शिरले आणि कितीतरी वेळ नुसतेच विंगेत उभे राहिले.

"मराठीत भाषांतर करून घेऊ," ते म्हणाले.

"तुमची हरकत नसेल तर नको," नाट्यगृह म्हणालं. "ती भाषा बोलण्यावर तिकडे बंदी घालणार आहेत. पहिले दोन अंक त्या भाषेत झालेत. तिसराही तिच्यातच व्हायला हवा."

"अहो, आम्हाला त्यातलं एक अक्षर येत नाही."

"मी सांगतो. तुम्ही मागून म्हणा."

शैलजाताईंनी विचारलं, "नाटकातली बाई काय करते या अंकात?"

नाट्यगृहाने गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्या बाईला घर सोडायला सांगतात. दोन अंक ती सोडत नाही. तिसऱ्या अंकात घर खाली करून घ्यायला माणसं येतात. त्याच वेळी तिचा मुलगा घरी येतो आणि तीन वाक्यं बोलतो. मग बाई सगळ्यांना बसवते आणि जेवायला वाढते. तिथे पडदा.

"करते मी," शैलजाताई म्हणाल्या.

तालमी दवाखाना सुटल्यावर, साडेपाच ते आठ व्हायच्या. नाट्यगृह एक वाक्य म्हणायचं, नट ते मागून म्हणायचे, मग ते अर्थ सांगायचं. एका उच्चारासाठी जीभ कुठे लावायची ते कोणालाच जमेना. शैलजाताईंनी पेशंटचे घसे तपासायची बॅटरी आणली आणि सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडात उजेड पाडून ते शिकून घेतलं. माझ्याकडे घर खाली करायला आलेल्या कारकुनाचं काम होतं. मला एकच वाक्य होतं. त्याचा अर्थ 'मला तसा हुकूम आहे' असा होता.

मुलाच्या कामासाठी रमाकांतांनी आपल्या मेव्हण्याचं नाव सुचवलं. नाट्यगृह म्हणालं, "त्या जागी कोणाला उभं करू नका."

"का?"

"ते काम करणारा नट त्या दिवशी दुसऱ्या अंकाचे कपडे न बदलताच बाहेर गेला. एका बाईला तळघरापर्यंत पोचवायला. परत आला नाही."

शैलजाताई म्हणाल्या, "त्याच्या तीन वाक्यांना किती वेळ लागायचा?"

"चाळीस सेकंद."

"मग मी चाळीस सेकंद ऐकते."

प्रयोग रविवारी संध्याकाळी सहाला ठरला. गावात फलक लावले, तेव्हा नाट्यगृहाने मला बोलावून एक अडचण सांगितली. खुर्च्या भरलेल्या होत्या. दुसऱ्या अंकानंतर जे लोक उठून गेले, त्यांची तिकिटं अजून त्यांच्या खिशात होती. तिसरा अंक त्यांचा होता. त्यामुळे नांदखेडच्या प्रेक्षकांना बसता येणार नव्हतं. मी फलकाखाली तशी सूचना लिहिली. लोक येणार नाहीत, असं मला वाटलं.

तीनशेच्या आसपास आले. भिंतींना लागून, खुर्च्यांच्या रांगांमधल्या वाटेत, मागच्या दारापर्यंत उभे राहिले. निवृत्त पोस्टमास्तर देशमाने यांना गुडघ्याचा त्रास होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कडेच्या खुर्चीवर टेका, चालेल. ते म्हणाले, "त्यांनी येऊन बघितलं, तर बरं दिसेल का?" आणि काठीवर भार देऊन उभे राहिले. मुख्याधिकारी साहेब सपत्नीक आले होते. तेही उभेच होते.

तिकडे घंटा एकच देतात. पण तिसरी घंटा झाल्याशिवाय आपल्या लोकांना नाटक सुरू झालंसं वाटत नाही, म्हणून नाट्यगृहाने तीन दिल्या. तिसरीनंतर पडदा वर गेला.

पहिली दहा मिनिटं लोक शब्द ऐकत होते. मग त्यांनी तो नाद सोडला आणि शैलजाताईंकडे बघू लागले. माझं वाक्य मी नीट म्हटलं. शैलजाताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुढचं वाक्य नसल्याचं बरं वाटलं. मग दार उघडलं आणि त्या दाराकडे वळल्या. दारात कोणी नव्हतं. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मधेच एकदा मान हलवली, एकदा काहीतरी सांगायला तोंड उघडून मिटलं. सभागृहात खोकला नाही की काही नाही. वरच्या कबुतरांचा तेवढा आवाज होता. चाळीस सेकंद झाले असावेत. मग त्या आम्हाला वाढू लागल्या आणि वाढताना रडल्या. पडदा पडला.

टाळ्या आधी खुर्च्यांमधून झाल्या, मग उभ्या असलेल्या लोकांनी वाजवल्या. अहवालात मी उपस्थिती चारशे बारा अधिक अंदाजे तीनशे अशी नोंदवली.

लोक बाहेर पडत असताना तिकीट खिडकीतल्या, प्रयोगभर उचलून ठेवलेल्या फोनमधून हाक आली. ती लाइन नाट्यगृहाने येताना बरोबर आणली होती आणि तिचं दुसरं टोक तिकडेच होतं. पलीकडे मीरेला नावाची नटी होती. म्हातारीचं काम मूळ तीच करायची. आता ती एका शाळेच्या तळघरात चाळीस माणसांबरोबर राहत होती. तिने रिसीव्हर कानाला लावून अख्खा अंक ऐकला होता. नाट्यगृह दोघींमध्ये दुभाष्या झालं.

"मीरेला म्हणतेय, उच्चार खेड्यातल्या बाईसारखे आहेत. ते चांगलं आहे, बाई खेड्यातलीच आहे," नाट्यगृहाने सांगितलं. "पण शेवटी तुम्ही रडलात. ती तिथे रडत नाही. तिला राग आलेला असतो."

शैलजाताईंच्या चेहऱ्यावरचा रंग अजून पुसलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, मुलाचं ऐकून झाल्यावर मला आवरेना."

हे तिकडे पोचलं. फोनमध्ये मागे कोणीतरी भांडी हलवत होतं.

"ती म्हणते, तिलाही पहिल्या वीस प्रयोगांत आवरायचं नाही. तेव्हा तर तो समोर उभा असायचा. मग तिने एक युक्ती काढली. पळी इतकी घट्ट धरायची, की बोटं दुखली पाहिजेत. रडू बोटांत जातं."

"कोणत्या हातात धरतात त्या?"

"डाव्या. उजवा हात दारावर असतो. मुलगा आत आल्यावर तिने दार लावलेलं नसतं. धरून ठेवलेलं असतं."

शैलजाताईंनी रंगमंचावरची पळी मागवली. मी आणून दिली. त्यांनी ती डाव्या हातात धरली, उजवा हात तिकीट खिडकीच्या दारावर ठेवला आणि शेवटचं वाक्य फोनमध्ये म्हटलं. त्याचा अर्थ 'बसा, जेवून घ्या' असा आहे. मीरेलाने तिकडून ते म्हणून दाखवलं. शब्द तेच होते, पण जरा सावकाश आणि खालच्या आवाजात. शैलजाताईंनी पळीवरची पकड आवळली आणि पुन्हा म्हटलं.